तेवीस फेब्रुवारीची दुरुस्ती

ऑफिसात त्याला सगळे कॅलेंडर म्हणायचे. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट कोणी खऱ्या नावानं हाक मारली की आपलं काय चुकलं म्हणून तो आधी टेबलावर बघायचा.

रेडिओवर रोज सकाळी सात पंचवीसला, साडेसातच्या बातम्यांच्या तोंडावर, पाच मिनिटांचा एक कार्यक्रम लागायचा. नाव ‘आजच्या तारखेला’. गाण्याबजावण्याच्या दुनियेत या तारखेला काय काय घडलं ते त्यात सांगायचं. कोण कधी जन्मलं, कोण गेलं, कुठली रेकॉर्ड बाजारात आली, कुठल्या जिवलग दोस्तांचा बँड विमानात खिडकीच्या जागेवरून भांडून कायमचा मोडला, कुठल्या गायिकेनं भर कार्यक्रमात माईक खाली ठेवला तो पुन्हा म्हणून उचलला नाही. चार गोष्टी सांगायच्या, मध्ये मध्ये गाण्याचे तुकडे वाजवायचे, की आल्याच बातम्या. अठ्ठावीस वर्षं हे सगळं कॅलेंडर एकहाती लिहीत होता. लोक दाढी करता करता ऐकायचे आणि दाढी पुसता पुसता विसरायचे. पण ऐकायचे, एवढं खरं.

त्याच्या खोलीत लाकडी कपाट होतं आणि त्याला तीनशे सहासष्ट कप्पे. हो, एकोणतीस फेब्रुवारीचासुद्धा. त्यात तीनच कार्डं होती, पण ती त्यानं जिवापाड जपली होती. बायको म्हणायची, “जगातल्या सगळ्या तारखा पाठ आहेत यांना, आपल्या लग्नाची सोडून.” बोलण्यात तिचं अगदीच चूक नव्हतं.

कार्डांची रीत त्याचीच. पुढच्या बाजूला गाणं, रेकॉर्डचा क्रमांक आणि किती सेकंद वाजवायचं ते. मागच्या बाजूला कारण, म्हणजे त्या दिवशी काय झालं आणि कुणाचं झालं. कोणी गेलं असेल तर कार्डाचा वरचा कोपरा गुलाबी. कार्ड उचलायचं, गाणं बघायचं, उलटायचं, कारण वाचायचं, मग लिहायचं. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला तो बजावायचा, “कार्ड उलटल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही.” आणि नवे लोक वर्षभरात दुसऱ्या खात्यात पळायचे.

आता तुम्हाला वाटेल, अशा माणसाच्या हातून चूक कशी होणार? अहो, अशाच माणसाच्या हातून होते. नवशिका भीतीनं चार वेळा कार्ड उलटतो. याला अठ्ठावीस वर्षांत सगळं तोंडपाठ झालेलं. तेवीस फेब्रुवारीचं एक कार्ड त्यानं उचललं, पुढे ‘कंदिलाचं गाणं, चाळीस सेकंद’ असं दिसलं, कोपरा गुलाबी दिसला, आणि कंदिलाचं गाणं म्हटल्यावर जो गळा अख्ख्या देशाच्या कानात होता तोच त्याच्याही कानात वाजला. त्यानं लिहून टाकलं की हे गाणं गाणारे गायक आजच्याच तारखेला आपल्याला सोडून गेले. कार्ड त्यानं उलटलं नाही. उलटलं असतं तर मागे दिसलं असतं की गेला होता तो संगीतकार, चाल बांधणारा. गाणारा जिवंत होता.

तेवीस तारखेला सकाळी सात पंचवीसला तो गायक रेडिओवर गेला, आणि सात अडतीसला त्याचा ऑफिसात फोन आला.

“नमस्कार,” आवाजात धाप होती. “तुमच्या कार्यक्रमातला मयत बोलतोय.”

कॅलेंडरला आधी वाटलं कोणी चेष्टा करतंय. मग तो आवाज त्याला ओळखू आला. त्यानं खांद्यावर फोन धरून तेवीस फेब्रुवारीचा कप्पा ओढला, कार्ड काढलं आणि उलटलं. मागे त्याच्याच अक्षरात सगळं नीट लिहिलेलं होतं.

“संगीतकार गेले होते,” तो म्हणाला. “तुम्ही नाही.”

“मला तशी शंका होतीच,” म्हातारा म्हणाला. “गाणं त्यानं केलं, मी गायलं. सगळं श्रेय माझ्या पदरात पडलं. निदान मरण तरी त्याचं त्याला राहू द्या हो.”

कॅलेंडर तडक मॅडमकडे गेला. मॅडम कार्यक्रम विभागाच्या प्रमुख, त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि एका वेळी तीन कामं करायची सवय असलेल्या. त्यांनी त्याच्याकडे न बघता ऐकून घेतलं.

“उद्याच दुरुस्ती सांगू या,” तो म्हणाला. “जिवंत माणूस आहे.”

“उद्या चोवीस तारीख,” मॅडम म्हणाल्या. “त्या तारखेची चूक त्या तारखेलाच. नियम तुमचाच आहे ना?”

होता. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यानंच तो लिहून भिंतीवर लावला होता. त्या काळी रोज कालच्या चुका सांगता सांगता पाच मिनिटं संपायची आणि आजची तारीख तशीच राहायची. म्हणून ठरलं की चूक ज्या तारखेची, दुरुस्तीही त्याच तारखेला, पुढच्या वर्षी. इतकी वर्षं ते झकास चाललं होतं. कुणाच्या रेकॉर्डचं साल चुकलं, कुणाचा जन्म एका वर्षानं पुढेमागे झाला, त्याला वर्षभर थांबायला काय जातंय?

“पण हा माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, मॅडम. फुप्फुसं गेलेली आहेत त्याची.”

“आणि लगेच बोललो तर पेपरवाले आपली फुप्फुसं काढतील,” मॅडम म्हणाल्या. “पुढच्या वर्षी शांतपणे सांगा. मी नाही म्हणत नाहीये.”

स्वतःच खणलेल्या खड्ड्यात माणूस पडला की त्याला ओरडायचीही सोय नसते. कॅलेंडर मुकाट्यानं बाहेर आला.

त्या शनिवारी तो माफी मागायला म्हाताऱ्याच्या घरी गेला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार त्याच्या मुलीनं उघडलं. पंचेचाळिशीची बाई, दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. रविवार सोडून रोज लोकांच्या तोंडापुढे दिवा धरायचा तिचा धंदा. तिनं त्याला आत घेतलं ते त्याच्यावर उपकार केल्यासारखं, आणि ते बरोबरच होतं.

म्हातारा पलंगावर उशा रचून बसला होता. निजलं की त्याला श्वास पुरायचा नाही. पलंगाला लागून स्टूल, स्टुलावर फोन. सहा पावलांत संपणारी खोली, भिंतीवर एकही फोटो नाही.

“या, कॅलेंडर,” तो म्हणाला. फोनवर त्यानं नाव विचारून घेतलं होतं आणि ते त्याला पसंत पडलं होतं. “बसा. मेलेल्याच्या घरी चहा घेत नाहीत म्हणतात, पण तुम्ही घ्या.”

कॅलेंडरनं माफी मागितली. वर्षभर थांबावं लागेल, हेही सांगितलं. नियम आपलाच आहे, हेसुद्धा लपवलं नाही. त्याला वाटलं होतं म्हातारा भडकेल. म्हातारा भडकला नाही. तो फोनकडे बघत राहिला.

“तुम्हाला एक सांगू? त्या दिवशी तुम्हाला फोन करून झाल्यावर मी इथून हललो नाही. म्हटलं, आता लोक फोन करतील. मी गेलो म्हणून मुलीला भेटायला येतील. कोण कोण रडतं ते आपल्याच कानांनी ऐकू. असं भाग्य कुणाला मिळतं?” तो दम घ्यायला थांबला. “संध्याकाळपर्यंत एक फोन आला. कुणाला तरी गॅसचं दुकान हवं होतं.”

मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, पुरे.”

“म्हातारा मेल्याचं दुःख नाही, कॅलेंडर. फोनसुद्धा वाजला नाही, याचं आहे.”

 कॅलेंडरला शरमेनं तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि तो बसून राहिला.

मग म्हाताऱ्यानं स्वतःच स्वतःची समजूत काढली. माणूस काढतोच. तो म्हणाला, लोकांचं तरी काय चुकलं? गेलेल्या माणसाच्या घरी फोन करून बोलणार कुणाशी? संकोच वाटतो. पण हेच उलटं सांगितलं की अमका जिवंत आहे, इथेच आहे, तर? मग करतील. ओळखीपाळखीचे, रेकॉर्डिंगला बरोबर असलेले, ज्यांनी आपापल्या लग्नात हे गाणं वाजवलं ते. जिवंत माणसाला फोन करायला कसला संकोच?

“तर मला हे वर्ष काढायचं आहे,” तो म्हणाला. “तेवीस फेब्रुवारीपर्यंत. पुढचं डॉक्टर आणि देव काय ते बघून घेतील.”

आणि त्यानं खरंच चंग बांधला. ज्या गोळ्या तो मुलीचा डोळा चुकवून उशीखाली सारायचा त्या घड्याळ लावून घ्यायला लागला. एका शनिवाराआड कॅलेंडर यायचा तेव्हा विचारायचा, “किती राहिले?” कॅलेंडरला दिवस मोजायची गरजच नव्हती. “दोनशे सहा,” तो म्हणायचा. “एकशे ब्याण्णव.” येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी म्हाताऱ्यानं मुलीला अर्धा डझन कप आणि दोन घडीच्या खुर्च्या आणायला लावल्या. तिनं आणल्या, आणि जिन्यात कॅलेंडरला गाठून हळू आवाजात म्हणाली, “कोणी आलं नाही, तर त्यांचं तोंड तुम्ही बघायचं. मी नाही बघणार.”

“येतील, ताई,” तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

एकदा म्हाताऱ्यानं विचारलं, वर्षभरात माझं गाणं किती वेळा वाजवलंत? कॅलेंडरनं नोंदी बघितल्या होत्या. एकदाच वाजलं होतं, तेवीस फेब्रुवारीला, चाळीस सेकंद. तो म्हणाला, “दोन-तीनदा वाजलं असेल.” अठ्ठावीस वर्षांत तो पहिल्यांदा आकडा खोटा बोलला.

थंडी सरता सरता म्हातारा खूप खचला. बोलताना दोन शब्दांनंतर थांबायला लागला, आणि मुलीनं दवाखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घ्यायला सुरुवात केली. तेरा फेब्रुवारीच्या शनिवारी त्यानं कॅलेंडरचं मनगट धरलं.

“नंबर,” तो म्हणाला. “माझा नंबर वाचायचा. दोनदा.”

रेडिओवर कुणाचा घरचा नंबर वाचत नाहीत. कॅलेंडरला हे चांगलं माहीत होतं. तरी सोमवारी पंधरवड्याचं रेकॉर्डिंग होतं तेव्हा त्यानं मजकुरात शेवटी नंबर घातला, दोनदा घातला, आणि सहीसाठी मॅडमपुढे अशा वेळी ठेवला जेव्हा त्या दोन फोनवर एकदम बोलत होत्या. सही झाली. निवेदिकेनं वाचलं. कॅलेंडरनं म्हाताऱ्याला फोन करून सांगितलं, “झालं रेकॉर्ड. आठ दिवस राहिले.”

“मोजतोय,” म्हातारा म्हणाला. त्यापुढे त्याला बोलवेना.

तेवीस फेब्रुवारी मंगळवारी आली. ऐकायचं तर त्याच्या शेजारी बसूनच ऐकायचं, असं कॅलेंडरनं ठरवलं होतं. सात वाजून पाच मिनिटांनी तो तिसऱ्या मजल्यावर पोचला. मुलीनं दार उघडलं. ती दवाखान्यात जायच्या कपड्यांत होती. तिच्या मागे पलंग दिसला. गादी गुंडाळून ठेवलेली होती.

“शुक्रवारी गेले,” ती म्हणाली. “पहाटे. झोपेतच.”

कॅलेंडर दारातच उभा राहिला. “मला कळवलं नाहीत?”

“कळवलं असतं तर तुम्ही ते थांबवलं असतंत. तुम्ही तारखेचे माणूस. एकोणीसला गेलेला माणूस तेवीसला जिवंत आहे असं तुम्ही वाजू दिलं असतंत का?” ती बाजूला झाली. “पेपरात दिलं नाही. नातेवाईक चार, त्यांना सांगितलं. या आत.”

तो आत येऊन घडीच्या खुर्चीवर बसला. तिनं स्टुलाकडे बोट दाखवलं.

“आता तुम्हाला कळलंय. अजून वीस मिनिटं आहेत. करायचा असेल तर करा फोन तुमच्या ऑफिसला.”

एक फोन केला असता तर काम झालं असतं. ड्युटीवरच्या माणसानं तेवढा तुकडा काढून दोन जाहिराती घातल्या असत्या. आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी मॅडम म्हणाल्या असत्या, आता कसली दुरुस्ती, गेलेच ना शेवटी. एकोणीस फेब्रुवारीच्या कप्प्यात आधीच चार बड्या लोकांची कार्डं होती, तिथे याला जागा मिळणार नव्हती. हे सगळं कॅलेंडरला दिसत होतं. पण खरं सांगायचं तर त्यानं फोन केला नाही तो या हिशेबानं नाही. एका माणसानं वर्षभर मरण लांबवलं, ते या पाच मिनिटांसाठी. ती पुसून टाकायला त्याचा हात पुढे होईना. जन्मभर तारखांशी प्रामाणिक राहिलेला हा माणूस, त्या सकाळी जाणूनबुजून खोट्याला कबूल झाला.

सात पंचवीसला मुलीनं रेडिओ लावला. आधी दुसऱ्याच कुणाची रेकॉर्ड, मग एका वादकाचा जन्म, आणि मग निवेदिकेचा गोड आवाज: “गेल्या वर्षी याच तारखेला आमच्याकडून एक गंभीर चूक झाली. कंदिलाचं गाणं ज्यांनी अमर केलं ते गायक हयात आहेत, आपल्याच शहरात आहेत, आणि आपल्या फोनची वाट बघत आहेत.” तिनं नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग गाणं सुरू झालं आणि चाळीस सेकंदांनी बंद झालं.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही, पण तिचा चेहरा बघवत नव्हता. बातम्या सुरू झाल्या, तेवढ्यात फोन वाजला.

दोघांनी फोनकडे बघितलं. तो वाजतच राहिला.

“मी नाही घेणार,” ती म्हणाली. “तुमचं काम आहे ते.”

त्यानं घेतला. कोणी शाळेतल्या बाई होत्या. त्यांना सांगायचं होतं की त्यांच्या वडिलांना हे गाणं फार आवडायचं. कॅलेंडरनं त्यांना काय ते सांगितलं. त्या काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या पुन्हा वाजला. एका बसचालकाला भेटायला यायचं होतं, रविवारी चालेल का म्हणून विचारत होता. मग एक नवराबायको दोघं एकाच फोनवर बोलत होती. मग एक माणूस नुसताच रडला. आठ वाजेपर्यंत अकरा फोन झाले, आणि अकरा वेळा कॅलेंडरनं तेच वाक्य म्हटलं: ते शुक्रवारी गेले. प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जड जात होतं. मुलगी स्वयंपाकघरात जाऊन बसली होती, पण दार तिनं लावलं नव्हतं.

बारावा फोन एका म्हाताऱ्याचा होता. ऐकू कमी येत असावं, कारण तो ओरडूनच बोलत होता.

“अरे, मी बोलतोय! ओळखलंस का? तुझ्या गाण्यात व्हायोलिन मी वाजवलं होतं, दुसऱ्या रांगेत बसून. मागच्या वर्षी तू गेलास म्हणून ऐकलं आणि दोन दिवस जेवलो नाही, माहीत आहे? फोन करणार तरी कुणाला, नंबरच नव्हता. बोल की, गप्प का?”

“मी ते नाही,” कॅलेंडर म्हणाला. “मी रेडिओत काम करतो.”

“रेडिओत? बरं, बरं. मग त्याला द्या.”

“ते गेले, काका. शुक्रवारी.”

 पलीकडे म्हातारा हसला, अगदी मोकळेपणी.

“मागच्या वर्षी पण तुम्ही हेच सांगितलं होतंत,” तो म्हणाला. “काही हरकत नाही. तुम्ही त्याला उठवा सावकाश. मी धरतो फोन.”

 कॅलेंडरनं स्वयंपाकघराकडे बघितलं. मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. व्हायोलिनवाला लाइनवर थांबून होता आणि त्याच्या घरात कुणाला तरी आनंदानं सांगत होता की आहे, आहे, जिवंत आहे, बोलावलंय त्याला.